यंत्राला उच्चार लिहून द्यायचा तर

रोमन लिपीत पी-ए-एल अशी तीन अक्षरे फोनवर आली की मराठी वाचक मागचापुढचा शब्द बघून ठरवतो, हे पल आहे, पळ आहे, पाल आहे की पाळ. भिंतीचा उल्लेख असेल तर पाल, चोर मागे लागला असेल तर पळ. हे आपण इतक्या सहज करतो की त्यात काही काम आहे असे वाटतच नाही. संगणकाला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा असेल, किंवा आपले बोलणे ऐकून लिहून घ्यायचे असेल, तर अशा अंदाजावर भागत नाही. अक्षर आणि आवाज यांच्या मधे त्याला एक टिपण लागते: कोणता ध्वनी, कोणत्या क्रमाने, किती लांब. या टिपणासाठी गेल्या पन्नासेक वर्षांत खास लिप्या तयार झाल्या. त्या कशा चालतात ते मराठी शब्द घेऊनच पाहू.

एक शंका वाचकाच्या मनात आली असेल. रोमनचे सोडा, आपली देवनागरी तर बोलतो तसे लिहिते. मग तीच टिपण म्हणून का चालू नये? बऱ्याच अंशी चालते, पुरती चालत नाही. 'हे जग मोठे आहे' यातला ज आणि 'शंभर वर्षे जग' यातला ज वेगळे आहेत. पहिल्यात जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. लिहितो मात्र एकसारखेच. 'करत' म्हणताना र मधला अ ऐकू येतो, 'करतो' म्हणताना तो गळून पडतो, तरी कागदावरचा र जसाच्या तसा. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही, कारण शाळेत जाण्याआधीच ते येत होते. यंत्र शाळेआधी कुठेच गेलेले नसते.

एका ध्वनीला एकच खूण हा आग्रह जुना आहे. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची एक संघटना उभी राहिली आणि १८८८ मध्ये तिने आपली वर्णमाला प्रसिद्ध केली. तीच आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे आयपीए. शब्दकोशात इंग्रजी शब्दापुढे कंसात जी अनोळखी अक्षरे दिसतात ती बहुधा हिचीच. तिच्यात आपला अ म्हणजे उलटा केलेला ई, श म्हणजे उभा ताणलेला एस, आणि ळ म्हणजे पायाशी उजवीकडे आकडी काढलेला एल. हाताने लिहायला आणि छापखान्यात खिळे ओतायला यात काही अडचण नव्हती. अडचण संगणक आल्यावर झाली.

अमेरिकेत १९६० च्या दशकात ठरलेल्या आस्की या संकेतप्रणालीत एकूण १२८ जागा होत्या. त्यांतल्या ३३ यंत्राला हुकूम देण्यासाठी राखलेल्या. उरल्या ९५. त्यात लहानमोठी मिळून ५२ रोमन अक्षरे, १० आकडे, ३२ विरामचिन्हे व इतर खुणा, आणि एक मोकळी जागा. आयपीएची अक्षरेच शंभराहून अधिक, शिवाय खालीवर लावायच्या खुणा वेगळ्या. उलट्या ई ला या ९५ मध्ये जागाच नव्हती.

यातून दोन वाटा निघाल्या. एक वाट आकड्यांची. १९८९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ध्वनिलिपीची मोठी फेरतपासणी झाली, तेव्हा संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक ठरले: प ला १०१, त ला १०३, ट ला १०५, आपल्या अ ला ३२२. यंत्राला हे उत्तम. पण माणसाला १०१-३२२-१०५ वाचून 'पट' दिसत नाही, आणि उच्चारांच्या याद्या तयार करणारी, त्यातल्या चुका शोधणारी तर माणसेच असतात. म्हणून दुसरी वाट जास्त चालली: कीबोर्डावर जे आहे त्यातूनच अशी लिपी जुळवायची की ती यंत्रालाही कळेल आणि थोड्या सवयीने माणसालाही वाचता येईल.

या वाटेने आधी अमेरिकन गेले. तिथल्या संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेने १९७१ ते १९७६ या काळात बोलणे समजणाऱ्या यंत्रांवर संशोधन करवले, त्यात अर्पाबेट ही लिपी घडली. तिचा प्रसिद्ध अवतार कॅपिटल अक्षरांचा, एकेका ध्वनीला बहुधा दोन अक्षरे देणारा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशात तो अजून वापरात आहे. लाखाहून जास्त इंग्रजी शब्द त्यात ३९ ध्वनींत मांडलेले आहेत. स्वराच्या मागे ०, १ किंवा २ लावून आघात दाखवतात. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर १ पहिल्या स्वरावर बसतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. इंग्रजीपुरते हे नेटके काम आहे. पण ही लिपी फक्त अमेरिकन इंग्रजीसाठी बेतलेली, त्यामुळे तिच्यात ळ नाही, ण नाही, आपला ठ नाही. इंग्रजी आवाजात रस्ता सांगणारा फोन ठाण्याला 'थेन' म्हणतो तो खोडसाळपणा नसतो. त्याच्या झोळीत ठ असा ध्वनीच नसतो.

युरोपात एक भाषा धरून चालणार नव्हते. युरोपीय समुदायाच्या एस्प्रिट कार्यक्रमातल्या एका प्रकल्पात, १९८७ ते १९८९ या काळात, सॅम्पा ही लिपी तयार झाली. सुरुवातीला डॅनिश, डच, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन या सहा भाषांसाठी. तिच्यामागचे मुख्य नाव लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले ध्वनिवैज्ञानिक जॉन वेल्स यांचे. त्यांची युक्ती साधी होती. आयपीएमध्ये जे अक्षर साधे रोमनच आहे ते तसेच ठेवायचे. उरलेल्यांसाठी कॅपिटल अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे कामाला लावायची. श साठी कॅपिटल एस, ङ साठी कॅपिटल एन, आपल्या अ साठी @, 'बॅट' मधल्या ॲ साठी महिरपी कंसाचा डावा अर्धा {. फ्रेंचमध्ये दोनला जो शब्द आहे त्यातल्या स्वराला २, नऊला जो शब्द आहे त्यातल्या स्वराला ९. असली चिन्हे एकदा कळली की विसरत नाहीत.

पण सॅम्पात प्रत्येक भाषेचा तक्ता त्या भाषेपुरताच खरा होता. १९९५ मध्ये वेल्स यांनी ती पसरवून आयपीएचा सगळा तक्ता कवेत घेणारी एक्स-सॅम्पा मांडली. मराठी तिच्यात नीट बसते, म्हणून इथे जरा थांबू. रोमन अक्षरे नावाने सांगतो, फोनवर स्पेलिंग सांगतात तशी.

वाढीव ध्वनींसाठी वेल्स यांनी तीन हत्यारे वापरली. पहिले `, कीबोर्डावर १ च्या डावीकडची बारीक तिरकी रेघ. अक्षरामागे ती आली की जीभ मागे वळवून बोलायचे, म्हणजे आपले मूर्धन्य. टी ` म्हणजे ट, डी ` म्हणजे ड, एन ` म्हणजे ण, एल ` म्हणजे ळ. दुसरे \, उलटी तिरकी रेघ. ती मागच्या चिन्हाचा अर्थ बदलून जवळच्या दुसऱ्या ध्वनीकडे नेते. नुसता एच म्हणजे इंग्रजीतला श्वासाचा ह, एच \ म्हणजे मराठीतला घुमणारा ह. नुसता व्ही म्हणजे इंग्रजीतला ओठ-दात घासून काढलेला व्ह, व्ही \ म्हणजे आपला मऊ व. तिसरे _, अधोरेघ. ती आली की पुढचे अक्षर स्वतंत्र ध्वनी नसून मागच्यावरचा दागिना आहे असे समजायचे. _ एच म्हणजे ख, थ, फ मधला महाप्राण. _ टी म्हणजे घ, ध, भ मधला घोगरा महाप्राण. स्वर लांबवायचा तर मागे :.

आता 'घर' लिहू: जी, _, टी, @, ४. शेवटचा ४ म्हणजे जिभेच्या एकाच फटक्याचा र. संगणक हे डावीकडून वाचत जातो. जी मिळाला, लगेच ध्वनी पूर्ण झाला असे न मानता तो पुढे डोकावतो. तिथे _ आहे, म्हणजे दागिना येणार. पुढचा टी उचलून तो जी ला जोडतो: घ तयार. मग @, पुढे ४ आहे, तो काही दागिना नाही, म्हणून अ पूर्ण. मग ४, आणि शब्द संपला. पाच चिन्हे, तीन ध्वनी. घाईत _ राहून गेला तर हेच 'ग्तर' होते, आणि यंत्र निमूटपणे 'ग्तर' म्हणते. 'ठ' ला चार चिन्हे लागतात: टी, `, _, एच. त्यातून ` गळला की थ उरतो. 'शाळा' म्हणजे कॅपिटल एस, ए, :, एल, `, ए, :. 'हवा' म्हणजे एच \ @ व्ही \ ए :. आणि मघाचे दोन 'जग' इथे पहिल्यांदा वेगळे दिसतात. मोठे जग डी आणि कॅपिटल झेडने सुरू होते, शंभर वर्षे जगायचे ते डी आणि स्मॉल झेडने. सावध राहायचे ते जे पासून: या लिपीत जे म्हणजे य.

इथे एक बारकी अडचण आहे. दातांकडचा च लिहितात टी आणि एस असा. पण 'उत्सव' मध्येही त आणि स शेजारी येतात, तेही टी आणि एसच. 'उचल' मधला एक ध्वनी आणि 'उत्सव' मधले दोन, यंत्राने ओळखायचे कसे? व्यवहारात उपाय अगदी साधा करतात: दोन ध्वनींच्या मधे मोकळी जागा सोडतात. 'उत्सव' मध्ये टी आणि एस वेगळे उभे, 'उचल' मध्ये चिकटून. दुसरी अडचण प्रोग्राम लिहिणाऱ्यांची. \ आणि " या खुणांना बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत आधीच वेगळे काम दिलेले असते, त्यामुळे \ दोनदा लिहावा लागतो, आणि " तर एक्स-सॅम्पात मुख्य आघाताची खूण. या दोन चिन्हांवरून पहिल्याच दिवशी घोळ होतो, आणि लिपीच्या रचनेतला तो खरा दोष आहे असे माझे मत आहे.

किती बारीक लिहायचे हाही प्रश्न असतो. मराठी त नेमका दंत्य आहे हे दाखवायला टी नंतर _ डी लावता येतो. पण मराठीत या त ला तोडीस दुसरा त नाही, म्हणून यंत्रासाठी नुसता टी पुरतो. याला स्थूल लेखन म्हणावे. वऱ्हाडात 'डोळा' चा 'डोया' होतो ते नोंदवायचे असेल, किंवा एकाच माणसाचे चार उच्चार तपासायचे असतील, तेव्हा सूक्ष्म लेखन. तिथे एल ` च्या जागी जे लिहिला की काम झाले; शुद्ध की अशुद्ध हा वाद या लिपीत उद्भवतच नाही.

खरे कष्ट लिपी ठरल्यावर सुरू होतात. देवनागरी मजकूर या खुणांत बदलायचा कसा? प्रत्येक अक्षराला खूण देणारा तक्ता तासाभरात होईल, पण 'करतो' चा 'कर्तो' त्यातून होणार नाही. त्यासाठी नियम लागतो. सर्वांना सुचणारा नियम असा: शब्दाच्या शेवटचा अ काढा, मग मागून पुढे येत, ज्या अ च्या आधी स्वर-व्यंजन आणि नंतर व्यंजन-स्वर असेल तो गाळा. 'करतो' मध्ये र चा अ नेमका असा सापडतो आणि गळतो. 'करत' मध्ये शेवटचा अ गेल्यामुळे त च्या मागे स्वर उरत नाही, म्हणून र चा अ वाचतो. नियम शहाणा वाटू लागतो. आता त्याला 'दळणवळण' द्या. शेवटच्या ण चा अ गेला. ळ चा वाचला. व चा अ दोन्ही बाजूंनी अडकला, गाळला. ण चा वाचला. पहिल्या ळ चा गाळला. हाती आले 'दळ्‌णव्‌ळण'. आपण म्हणतो 'दळण्‌वळण', कारण दळण आणि वळण असे दोन तुकडे आपल्याला आतून ठाऊक असतात. यंत्राला सामासिक शब्द कुठे तुटतो हे आधी सांगावे लागते.

च, ज आणि झ यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. 'माझा' मधला झ दातांकडचा, 'माझी' मधला टाळूचा, आणि बोलीतल्या 'माझं' मधला पुन्हा दातांकडचा. म्हणजे पुढचा स्वर इ, ई, ए असला की टाळूकडे वळायचे, एरवी दातांकडे, असा नियम करता येतो. तो घरगुती शब्दांना बराच लागू पडतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र त्याला जुमानत नाहीत. गुरे चरतात तिथला च दातांकडचा, देवाचे चरण धरतो तिथला टाळूचा. ही फक्त यादीच. शब्द आणि त्याचा उच्चार शेजारी शेजारी लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

अनुस्वाराचे काम त्या मानाने सोपे आहे. 'अंग' मध्ये कॅपिटल एन, 'अंडे' मध्ये एन `, 'अंत' मध्ये एन, 'अंबा' मध्ये एम. पुढचे व्यंजन पाहून नियम लावता येतो. 'संवाद' आणि 'सिंह' यांतला अनुस्वार नाकातल्या व सारखा निघतो, तिथे वेगळी खूण लागते. आणि 'दर्या' व 'दऱ्या'? समुद्र आणि डोंगरातल्या खाचा यांत ध्वनी तेच, फरक आहे तो शब्द कुठे दुभंगतो त्याचा. एक्स-सॅम्पात त्यासाठी टिंब आहे. समुद्रात ते र च्या नंतर पडते, दऱ्यांत र च्या आधी. देवनागरीने हा फरक रफार आणि अर्ध्या ऱ्या ने दाखवला आहे, हे मात्र तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

भारतात याच गरजेतून रोमन खुणांच्या इतरही पद्धती झाल्या. त्यांची गल्लत ध्वनिलिपीशी होते म्हणून दोन शब्द. आयआयटी कानपूरच्या परंपरेतली डब्ल्यूएक्स पद्धत ट ला टी देते म्हणून त ला डब्ल्यू, आणि ड ला डी देते म्हणून द ला एक्स. दिसायला विचित्र, पण जवळजवळ प्रत्येक वर्णाला एकच चिन्ह, त्यामुळे व्याकरणाच्या प्रोग्रामांना सोयीची. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात लोकप्रिय झालेली आयट्रान्सही याच जातीची. या दोन्ही अक्षरे लिहितात, आवाज नाही; दोन्ही 'जग' त्यांत एकच राहतात. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने भारतीय भाषांच्या वाचक-यंत्रांसाठी झालेली समान ध्वनिनामे मात्र आवाजाच्या बाजूची आहेत. तिथे ट म्हणजे टी-एक्स, ळ म्हणजे एल-एक्स, आणि मराठीचा ळ व तमिळचा तसाच ळ यांना एकच नाव.

१९९१ मध्ये युनिकोड आले आणि उलट्या ई लाही जागा मिळाली. मग ही कसरत आता कशाला, असे कोणी विचारील. आयपीए आता साठवता येते हे खरे, पण तिच्यातल्या सारख्या दिसणाऱ्या खुणा फसवतात. ध्वनिलिपीतला जी आणि साधा जी डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळे अंक. लांबीची खूण आणि कीबोर्डावरचा : यांचेही तेच. यादीत एका माणसाने हा जी घातला आणि दुसऱ्याने तो, की शोध अर्धाच लागतो, आणि चूक कुठे आहे ते पडद्यावर दिसत नाही. साध्या कीबोर्डाच्या खुणांत हा धोका नाही. म्हणून आज लोक दोन्ही वापरतात: वाचायला आयपीए, टंकायला एक्स-सॅम्पा, आणि मधे बदल करणारा लहानसा प्रोग्राम. यंत्राच्या वाचनासाठी मजकुरात सूचना लिहिण्याची एसएसएमएल ही पद्धत २००४ पासून वेबची मान्य शिफारस आहे. तिच्यात एखाद्या शब्दाला उच्चार चिकटवून देता येतो. तो आयपीएमध्ये देतात, काही सेवा एक्स-सॅम्पाही स्वीकारतात.

मराठीशी याचा सर्वांत थेट संबंध अंध वाचकांमुळे येतो. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम अनेकांच्या रोजच्या वापरात असतो, आणि त्याच्या आत ईस्पीक हा आवाज मराठीही बोलतो. ईस्पीकच्या ध्वनिखुणा सॅम्पाच्याच एका नातलग पद्धतीवर बेतलेल्या आहेत. प्रत्येक भाषेच्या त्यात दोन मुख्य फायली: एकीत नियम, दुसरीत अपवादांची यादी. दोन्ही खुल्या आहेत, कोणीही उघडून वाचू शकतो आणि दुरुस्ती सुचवू शकतो.

नवी न्यूरल यंत्रे बरेचदा ही मधली पायरी वगळून अक्षरांवरून थेट आवाज शिकतात. तासन्‌तासांची ध्वनिमुद्रणे असली की 'करतो' आणि 'माझी' त्यांना आपोआप जमतात. विशेषनामे जमत नाहीत, कारण ती मुद्रणांत क्वचितच येतात. चाकणचा च दातांकडचा आणि चंद्रपूरचा टाळूचा, जळगावचा ज एक आणि जयसिंगपूरचा दुसरा, हे कोणत्याही नियमाने निघत नाही. तिथे अजून हाताने लिहिलेली यादीच लागते, आणि ती त्या गावच्या माणसानेच केलेली बरी. तुमच्या तालुक्यातल्या ज्या गावांच्या नावांत च, ज, झ आहेत ती एका कागदावर उतरवा, प्रत्येकापुढे टाळूचा की दातांकडचा एवढे लिहा, आणि मधला कोणता अ गळतो तिथे रेघ मारा. एक्स-सॅम्पा यायला हवीच असे नाही. ते रूपांतर दुसरे कोणी करील.